तुटलेल्या तारेची जागा

सुनेने आज पुन्हा दूध उतू घालवलं. तेही शेगडीसमोर उभं राहून, डोळ्यांदेखत. कानांवर हेडफोन, बोटांची ओट्यावर टकटक, आणि दूध आपलं पातेल्याच्या काठावरून निवांत खाली उतरत होतं.

थोरलीने पुढे होऊन गॅस बंद केला. तिला घरातले, शेजारचे, कोपऱ्यावरचा दुकानदारसुद्धा थोरलीच म्हणत. दुसरं काही म्हणायची कुणाची छाती नव्हती.

"अशी समाधी लागणारी माणसं डोंगरात जाऊन बसतात," ती म्हणाली. "स्वयंपाकघरात नाही."

सुनेने एक कान मोकळा केला. "मला काही म्हणालात, आई?"

"नाही गं बाई. दुधाला म्हणाले. तेही ऐकत नाही."

सून हसली, फडकं घेऊन ओटा पुसायला लागली आणि पुसता पुसता पुन्हा त्याच ठेक्यात फडकं मारायला लागली. थोरलीने कपाळावर हात मारून घेतला.

हे सगळं सुरू झालं ते सून सासऱ्याची धून वाद्यवृंदासाठी लिहायला बसली तेव्हापासून. थोरलीचा नवरा गिटार वाजवायचा. शिकलेली माणसं त्याला जिप्सी जॅझ म्हणत. घरात त्याला नुसतं 'वाजवणं' म्हणत. नवरा-बायको दोघांचीही माणसं फिरत्या गाड्यांवर वाढलेली. थोरली शाळेत गेली ती गाड्या एका गावाशी थांबल्या तेवढ्यापुरती; चाकं हलली आणि शाळा मागे राहिली. वाजवणं मात्र बरोबर आलं. कागदावर कुणी कधी काही लिहिलं नाही. बापाच्या हाताकडे बघायचं, कान उघडे ठेवायचे, चुकलं तर टपली खायची, एवढाच अभ्यास. नवरा पुढे बसून सूर काढायचा आणि थोरली त्याच्या डाव्या अंगाला बसून दुसऱ्या गिटारीवर ठेका धरायची. ढोल नाही, ताशा नाही. तारांवर छाटल्यासारखा फटका मारायचा आणि वाजतो न वाजतो तोच आवाज दाबून टाकायचा, की नाचणाऱ्यांचे पाय आपोआप उचलतात. आयुष्यभर तिने हेच केलं. लोक टाळ्या वाजवायचे त्या नवऱ्याला. तिला त्याचं काही वाटलं नाही. घराला रंग चांगला लागला म्हणून भिंतीची पाठ कुणी थोपटत नाही.

नवरा गेला. मुलाला गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तो चष्म्याच्या काचा घासायच्या धंद्यात पडला आणि बायको मात्र करून आणली संगीताच्या मोठ्या शाळेतली. तिचं कामच मुळी हे, की एखादी धून घ्यायची आणि सिंफनी वाद्यवृंदासाठी ती वाटून द्यायची. कुणी काय वाजवायचं, कुणी कुठे गप्प बसायचं, सगळं कागदावर मांडायचं. माळ्यावर ओल लागून सडत पडलेल्या सासऱ्याच्या टेपा तिनेच खाली काढल्या, पुसल्या, वाळवल्या. मुलगा तर त्या भंगारात द्यायला निघाला होता. तेव्हा थोरलीला सुनेला जवळ घ्यावंसं वाटलं होतं. घेतलं नाही, उगाच सवय लागते.

पण मग जेवणाचं टेबल गेलं. त्यावर कागद पसरले ते पसरलेच, आणि घरातली माणसं मांडीवर ताटं घेऊन जेवायला लागली.

"गिटारीची धून," थोरली ताटावरून म्हणायची, "आणि वाद्यवृंदात गिटारच नाही म्हणे. उद्या म्हणशील, लग्न आहे पण नवरी नको."

"बाबांसारखी गिटार कोण वाजवणार, आई? कुणीही वाजवली की लोक तुलनाच करत बसतील. म्हणून त्यांचे सूर क्लॅरिनेटला आणि एका व्हायोलिनला दिलेत."

थोरलीने मीठ मागितलं.

खरी बोच वेगळीच होती. सून नवऱ्याच्या सुरांबद्दल तिला काही विचारतच नव्हती. विचारायची ती ठेक्याबद्दल. सकाळी कोमट पाण्याचं भांडं आणून ठेवायची. थोरलीची बोटं आता आखडत, ती पाण्यात धरून जरा सैल झाली की सून जुनी गिटार तिच्या मांडीवर द्यायची आणि स्वतः तिच्या उजव्या मनगटाशी खाली बसायची, पेन्सिल घेऊन.

"परत एकदा."

"अगं, तेच तर आहे. त्यात बघायचं काय?"

"तेच नाहीये. दुसरा फटका तुम्ही जरा आधी मारता. परत वाजवा ना."

म्हातारीचं मनगट बघत बसली आहे आणि ज्याचं नाव पोस्टरवर छापायचं त्याचा पत्ता नाही. एवढ्या मोठ्या ताफ्यात आपला माणूस हरवणार, या काळजीने थोरलीला रात्री झोप लागेना.

आणि एक दिवस सुनेने ती टेप लावली. एका नाचघरातली. नवऱ्याचं बोट विजेसारखं पळतंय, आणि मधेच तटकन तार तुटते. सूर बंद. नवऱ्याची हळू आवाजातली शिवी, खिशात नवी तार शोधताना झालेली खुडबुड. तार चढून सूर जुळेपर्यंत नुसता ठेका. मग नवरा असा आत येतो, की जणू मधे काही घडलंच नाही.

थोरलीने स्वतः हात घालून टेप बंद केली. "हे नाही घ्यायचं."

"आई, हीच तर जागा—"

"जागा कसली. फजिती आहे ती त्याची. मरेपर्यंत म्हणत होता, कुणाला सांगू नकोस. माझ्या माणसाची तुटलेली तार तू शंभर लोकांत वाजवणार? काढून टाक."

सुनेने मान हलवली. ती मान 'हो' म्हणत होती की नुसतीच हलत होती, हे थोरलीने विचारायला हवं होतं.

तालमीच्या दिवशी मुलगा तिला दिवाणखान्याएवढ्या मोठाल्या खोल्या ओलांडत सभागृहात घेऊन गेला. खुर्च्यांच्या रांगा रिकाम्या, मंचावर माणसंच माणसं. वाद्यवृंदाचा संचालक खाली वाकून सुनेशी बोलत होता, बोलणं सभ्य, आवाज खणखणीत.

"इथे फार वेळ रिकामं राहतं. बासरी घालूया का थोडी? ऐकणाऱ्याला वाटेल कुणी चुकलं."

"ज्यांचं आहे त्या आल्यात," सून म्हणाली आणि थेट थोरलीच्या खुर्चीपाशी आली. चेहरा उतरलेला. "आई, मी ते काढलेलं नाही. एकदा ऐका. नको म्हणालात तर इथल्या इथे रेघ मारते." तिने पेन्सिल दाखवली.

थोरलीच्या जिभेवर बरंच काही आलं होतं, पण संचालकाने हात उचलला.

क्लॅरिनेटने सूर धरला. नवऱ्याचीच चाल, वळणावर तो जसा खोडसाळपणे रेंगाळायचा, तस्सं. मग व्हायोलिनने हातातून घेतला, वर गेला, आणखी वर, आणि तट. सगळे गप्प.

नाही, सगळे नाही. मधल्या रांगेत व्हायोलावाले बसले होते, सदा दुसऱ्यांच्या मागे वाजवणारे, आणि त्यांच्या बाजूला चेलोवाले. ते गजाच्या लाकडाने तारांवर फटका मारत होते आणि लगेच दाबत होते. दुसरा फटका जरा आधी. थोरलीचं उजवं मनगट मांडीवर आपोआप हलायला लागलं. एवढी माणसं, कोट घातलेली, डोळे कागदाला लावून तिचं मनगट वाजवत होती. सभागृहात दुसरं काही नव्हतं. त्या रात्री नाचघरात पाय का थांबले नाहीत, नवऱ्याला घाईशिवाय तार का चढवता आली, हे तिला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. तिने स्वतःही स्वतःला सांगितलं नव्हतं.

मग क्लॅरिनेट परत आला, जणू मधे काही घडलंच नाही. हरवला नव्हता तो. परत यायला त्याला रस्ता होता.

वाजवणं संपलं. मुलगा हळूच म्हणाला, "आई, रडतेयस?"

"तुझ्या चष्म्याच्या काचा पूस."

सून पेन्सिल घेऊन समोर उभी होती. संचालकही वळून बघत होता. थोरलीने पदराने नाक पुसलं, पदर नीट केला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलली.

"ती पेन्सिल ठेव आधी. बासरीबिसरी काही नको. तो गेला तेव्हा जो येईल तो म्हणाला, काय हात होता त्याचा. होताच. माझ्याही हाताचं कुणी बोलावं, असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. तू ऐकलंस. मला उपकार मानायची सवय नाही, म्हणून एकदाच सांगते, परत विचारायला येऊ नकोस. गुणाची आहेस. आणि उद्यापासून दुधाशी मी उभी राहीन, ते काही तुला जमायचं नाही."