हललं की धूर

हेमावतीनं भोवरा फिरवला, पळत जाऊन कॅमेऱ्याचं बटण दाबलं आणि मनात आकडे मोजायला लागली. भोवऱ्यावर तिनं दोन ठिपके लावले होते, लाल अगदी कडेला आणि पिवळा मधल्या खिळ्याजवळ. आठ मोजून बटण सोडलं तर पडद्यावर दोन अखंड वर्तुळं, एकात एक. कंपासनं काढली असती तरी इतकी गोल आली नसती.

"अप्पा, बघा ना."

पुट्टस्वामींनी बघितलं. "हं," म्हणाले आणि ताटातला रागी मुद्दे, नाचणीच्या उकडीचा गोळा, मोडायला लागले.

आठ महिने या घराचं 'हं'वरच भागत होतं. अम्मा होती तेव्हा तिघांच्या वाटचं तीच बोलायची. ती गेली आणि मागे उरलेल्या दोघांना कळलं, की आपल्याला बोलायची सवयच नाही.

कॅमेरा मामाचा जुना होता. त्यानं नवीन घेतला आणि हा भाचीला दिला, एक खेळ शिकवून : उजेड कमी कर, बटण दाबून धर, मोजत बस. जे स्थिर राहील ते उमटेल. हललं, की त्याचा धूर. हेमावतीनं मग चन्नपट्टणातलं काही सोडलं नाही. पंख्याचा धूर केला, शेजारच्या मांजरीचा केला, अंधाऱ्या खोलीत टॉर्च नाचवून हवेत स्वतःचं नाव लिहिलं. फक्त एक फोटो काही जमेना. शाळेच्या प्रदर्शनाला विषय होता 'आमचं घर', आणि घरात घरातलं माणूस हवं. अप्पांना तिनं चार वेळा तीस-तीस आकडे खुर्चीत बसवलं. चारही वेळा ते खांदा खाजवत, दाराकडे बघत, पाय हलवत राहिले.

"खुर्चीवर कपडे वाळत घातलेत का गं?" शाळेत बाकावर शेजारी बसणाऱ्या नसीमानं फोटो बघून विचारलं.

"माझे अप्पा आहेत ते."

"मग इस्त्री कर त्यांना."

दोघी पोट धरून हसल्या. हसता हसता हेमावतीनं फोटो उलटा ठेवला.

"साधा काढ की," नसीमा म्हणाली. "खट्कन. सोमवारी फोटो द्यायचाय ना?"

"साध्यात ते ओळखपत्रावर असतात तसे येतात. घरात असल्यासारखे येत नाहीत."



रविवारी दुपारी हेमावती घरामागच्या, अप्पांच्या भोवरे बनवायच्या शेडमध्ये शिरली. एक खिडकी बंद केली, दुसरी अर्धी लोटली, आणि कॅमेरा भुशाच्या पोत्यावर ठेवला.

"तुम्ही काम करा. मी इथे नाहीच."

"हं."

लेथ घुमायला लागलं. पुट्टस्वामींनी फिरत्या लाकडाला लाखेची कांडी टेकवली. थांबलेल्या लाकडावर लाख चढत नाही, घासून तापली तरच वितळते आणि लाकडाला रंग धरतो. खुर्चीत तीस आकडे न टिकणारा हा माणूस लेथसमोर झाडासारखा बसला होता. त्यांच्या डावीकडे बुटकं स्टूल होतं. अम्मा दिवसभर त्याच्यावर बसून भोवऱ्यांच्या दोऱ्या गुंडाळायची, गल्लीतल्या बातम्या द्यायची, आणि रंग बसला की चकाकी आणायला मागच्या डब्यातलं केवड्याचं पान काढून द्यायची. आता स्टुलावर बोटभर भुसा होता.

हेमावतीनं बटण दाबलं आणि नजर घड्याळाच्या काट्यावर ठेवली. दहा. पंधरा. लाखेचा सूं-सूं आवाज थांबला, नुसतं लेथ घुमत राहिलं. तिनं मान वर केली नाही, आकडा चुकला असता. अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. तिनं बटण सोडलं. पुट्टस्वामी उठले, स्टुलाला वळसा घालून डब्यातलं पान घेतलं आणि परत येऊन बसले.

फोटो आला होता. अप्पा आले होते. कपाळावरच्या तीन आठ्या, भुवईतला भुसा, सगळं जिथल्या तिथे. उजवा हात कोपरापासून धूर, पण कामाच्या हाताचा धूरच व्हायला हवा. ती उडीच मारणार होती.

मग तिला डावा हात दिसला.

तो धूर नव्हता. बाजूला पसरलेला होता, स्टुलाच्या वर, तळवा आभाळाकडे, बोटं जरा मुडपलेली. चेहऱ्याइतका ठळक नव्हता, त्यातून मागचा डबा दिसत होता. पण एवढा उमटायलाही हात दहा-बारा आकडे तरी तसाच धरावा लागतो. हेमावतीनं बोटांवर पुन्हा मोजून बघितलं. दहा-बारा तरी.

"आला का?" पुट्टस्वामींनी विचारलं. हात लेथवरच होते.

"आलात."

त्यांनी झालेला भोवरा टोपलीत टाकला आणि दुसरं लाकूड चढवलं. हेमावतीनं कॅमेऱ्याचं झाकण लावलं. ओढणीच्या टोकानं स्टूल पुसलं आणि बसली. स्टूल तिला वाटलं होतं त्यापेक्षा बुटकं निघालं, गुडघे हनुवटीपर्यंत आले.

लाल कांडी सूं-सूं करत गेली, मग पिवळी. मग आवाज थांबला. डावा हात बाहेर आला. पुट्टस्वामींची नजर लाकडावर होती.

तिनं त्या हातात पान ठेवलं.

हात मिटला, निम्म्या वाटेवर आला आणि तिथेच थांबला. लाकूड फिरत राहिलं. रंग निवायला लागला होता, तरी पान काही त्याला टेकेना.

"उलटं दिलंस," पुट्टस्वामी म्हणाले. त्यांनी मान वळवली नाही. "गुळगुळीत बाजू वर. तुझी अम्मासुद्धा पहिलं वर्षभर उलटंच द्यायची. सांगून सांगून थकलो मी."

"हं," हेमावती म्हणाली, आणि डब्यातलं पुढचं पान काढून त्याच्या दोन्ही बाजूंवरून अंगठा फिरवून बघायला लागली.