शेजारच्या स्टॉलवर आपली माणसं

खासगी कॉलेजांच्या प्रवेश मेळाव्यात खोटं बोलायला वेगळी माणसं ठेवत नाहीत, ते काम प्राध्यापकांकडूनच करून घेतात. स्वस्त पडतं. मोठ्या हॉलमध्ये एकाला एक लागून स्टॉल, प्रत्येकावर हिरवळीत हसणाऱ्या मुलामुलींचा फोटो, आणि ती मुलं बहुधा त्या कॉलेजचीच नव्हेत. आईबाप पिशव्या भरभरून माहितीपत्रकं गोळा करतात, मग कोपऱ्यात बसून ताडून बघतात. इथे वर्ग वातानुकूलित, तिथे पोहण्याचा तलाव. शिकवणार कोण, हे सहसा कुणी विचारत नाही. विचारलं असतं तर अर्ध्या स्टॉलवाल्यांची पाचावर धारण बसली असती.

अशाच एका स्टॉलवर, छातीवर कॉलेजचं नाव छापलेला निळा टी-शर्ट घालून मामा उभा होता. मामा शिकवायचा रसायनशास्त्र, पण निकालांच्या दिवसांत विकायचा कॉलेज. प्रत्येक प्राध्यापकाने ठरलेले प्रवेश आणायचे. ज्याचे कमी पडतील त्याला नव्या वर्षी बोलावणं येत नसे. पाठीमागे सूट घालून संचालक फिरत असत आणि त्यांचे कान तिखट होते.

शेजारचा स्टॉल दुसऱ्या कॉलेजचा. तिथल्या बाई भौतिकशास्त्राच्या. दोघांची कॉलेजं एकमेकांच्या उरावर बसलेली, पण ही दोघं चहा एकत्र घ्यायची आणि आपापल्या मालकांचा उद्धार करायची. त्यांच्यात एक ठरलेलं होतं. आपलं कुणी नात्यातलं स्टॉलवर आलं की स्वतःच्या कॉलेजबद्दल खरं बोलता येत नाही, नात्यातला प्रवेश हमखास म्हणून संचालक जवळ येऊन ऐकतात; परक्याशी हळू बोललं तर तेवढं लक्ष नसतं. म्हणून आपल्या माणसाला शेजारी पाठवायचं आणि ‘घरचे आहेत’ म्हणायचं. मग शेजाऱ्याने दोन्ही कॉलेजांचं खरं सांगायचं आणि पोराला सरकारी कॉलेजात धाडायचं. मामाने बाईंच्या पुतण्याला असंच वाचवलं होतं. तो आता सरकारीत मजेत शिकत होता.

आज मामाची बहीण भाचीला घेऊन आली. भाचीला जीवतंत्रज्ञान घ्यायचं होतं. पोरगी हुशार, नववीपासून त्या विषयाच्या मागे लागलेली. बहिणीने आधी फोनवर कितीदा विचारलं होतं, "दादा, तुझ्या कॉलेजात घालू का हिला?" आणि मामा प्रत्येक वेळी म्हणाला होता, "मेळाव्याला या, बघू." घरबसल्या खरं सांगायला कुणी तोंड धरलं नव्हतं. पण बहिणीच्या सासरी 'आमचा दादा प्राध्यापक' याचा केवढा तोरा! आमच्या प्रयोगशाळेतल्या यंत्रांवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही, जीवतंत्रज्ञानाला एकच मुलगा शिकवायला आहे आणि तो स्वतःच मागच्या वर्षी पास झालाय, हे सांगणं म्हणजे आपलीच अब्रू वेशीवर टांगणं. त्यापेक्षा बाई सांगतील ते बरं.

"आधी शेजारी बघून या," मामा बहिणीला म्हणाला आणि मान वळवून बाईंना सांगितलं, "बाई, घरचे आहेत."

बाईंनी मान हलवली. मामाचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात त्याच्यापुढे एक कुटुंब येऊन बसलं आणि तो हिरवळ, वसतिगृह, नोकरीची हमी यांत बुडाला. मधूनच डोळा जाई तेव्हा बाई पुढे झुकून हळू आवाजात बोलताना दिसत, भाची गंभीरपणे ऐकताना दिसे. सांगतायत, सगळं सांगतायत, मामा मनाशी म्हणाला. पोरगी सुटली.

ते कुटुंब उठलं तेव्हा बहीण समोर उभी होती. तोंडावर हसू मावत नव्हतं.

"झालं बाबा एकदाचं! घेतला प्रवेश."

"कुठे?"

"कुठे काय, इथेच, शेजारी. दादा, तू ओळखीचं सांगितलंस म्हणून बाईंनी किती मनापासून माहिती दिली. मूळ कागदपत्रंसुद्धा लगेच जमा करून घेतली."

एकदा मूळ कागदपत्रं आत गेली की कॉलेजवाले वर्षाची पूर्ण फी वाजवून घेतल्याशिवाय ती परत देत नाहीत, हे या हॉलमधला प्रत्येक टी-शर्टवाला जाणून होता. आणि आजच सकाळी चहा घेताना बाईच म्हणाल्या होत्या, "आमचं जीवतंत्रज्ञान बंद होतंय. यंदाची मुलं घेतील आणि दुसऱ्या वर्षी कुठल्याही विषयात कोंबतील."

"तिथे नको," मामा म्हणाला. "अगं, तो विभाग बंद पडणार आहे. आत्ताच्या आत्ता जाऊन कागद परत माग."

बहिणीचं हसू मावळलं. तिने आधी त्याच्या टी-शर्टकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

"दादा, खरं सांगू? बाई म्हणाल्याच होत्या, तुमचे भाऊ असं काहीतरी म्हणतील. त्यांचेही आकडे भरायचे असतात, त्यांना दोष देऊ नका म्हणाल्या."

"मी आमच्याकडे घाल म्हणतोय का? सरकारीत घाल!"

"मग हे इतके दिवस का नाही बोललास?"

मामाने तोंड उघडलं. त्याला सगळं ओकून टाकायचं होतं, आमचंही कॉलेज पोकळ आहे, मी तुमच्यासमोर नुसता मोठेपणा मिरवत होतो. मागून संचालकांचा आवाज आला, "सर, काही अडचण?"

"नाही साहेब," मामा म्हणाला. "घरचे आहेत."

भाचीला त्याची दया आली. ती जवळ येऊन हळूच म्हणाली, "मामा, तू वाईट वाटून घेऊ नकोस. मी बघते काहीतरी." आणि दोघी गर्दीतून दाराकडे गेल्या.

मामा शेजारच्या टेबलाशी जाऊन उभा राहिला. बाई माहितीपत्रकांचा गठ्ठा नीट करत होत्या, तो मुळात नीटच होता.

"बाई, हे काय केलंत?"

"आज एकही नाव नसेल तर उद्या येऊ नका, असं सांगितलंय मला." बाईंनी मान वर केली नाही. "तुमच्या कॉलेजबद्दल मी खरं तेच सांगितलं, सर. शब्दन् शब्द."

"आणि तुमच्या?"

बाईंनी गठ्ठा पुन्हा उचलला आणि पुन्हा ठेवला. मामाला त्यांचा गळा धरावासा वाटला. पण त्यांच्या जागी आपण असतो तर काय केलं असतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि तेच जास्त झोंबलं. तो आपल्या खुर्चीवर येऊन बसला.

थोड्या वेळाने एक मुलगी स्टॉलसमोर आली. हातात फाईल, बरोबर कुणी नाही.

"तुम्हीच मामा ना? तुमच्या भाचीने पाठवलं मला. बाहेर उभी होते मी. आम्ही एका वर्गात होतो."

"घरचं कुणी आलं नाही?"

"घरी कुणाला यातलं काही कळत नाही. मला तर इतकी कॉलेजं बघून डोकंच गरगरायला लागलंय. ती म्हणाली, माझा मामा आहे तिथे, तू डोळे मिटून जा." मुलगी खुर्चीवर टेकली. "मलाही जीवतंत्रज्ञानच घ्यायचंय, मामा."

शेजारच्या बाई आता वर बघत होत्या. संचालक दोन पावलं पुढे आले आणि प्रसन्न हसले. मामाला स्वतःची किळस आली, चांगली घशापर्यंत आली. ती गिळून त्याने माहितीपत्रक उघडलं, मुलीकडे सरकवलं आणि तिचं नाव विचारलं.