देवनळाचा सोडलेला कोपरा

"पोरा, सगळा देवनळ काप, पण हा कोपरा तेवढा उभा ठेव. तो बगळ्यांचा."

मित्रांनो, म्हातारा लुबर्ट होडीतून आपल्या जावयाला, विखरला, हे सांगत होता तेव्हा मी त्याच कोपऱ्यातल्या उंच, बोरूसारख्या गवतात उभा होतो. विखर म्हणाला, "शब्द देतो, बाबा." मी निर्धास्त आफ्रिकेकडे उडालो.

मी एक म्हातारा जांभळा बगळा आहे. जन्म हॉलंडच्या या दलदलीतला. माझा भाऊबंद राखी बगळा धिप्पाड. तो थंडीतही इथेच राहतो, मासळीवाल्याच्या दारात उभा राहून माशांची डोकी खातो आणि उंच झाडावर घरटं बांधतो. मी सडपातळ, तांबूस मानेचा, माणसांना बुजणारा. गेल्या वर्षीचा वाळका देवनळ उभा असेल तरच माझं घरटं होतं. वसंतातल्या वीतभर कोंबांवर काय बांधणार?

इथली माणसं छपरं शाकारायला हिवाळ्यात देवनळ कापतात. लुबर्ट एक कोपरा सोडायचा. त्याची पाठ दुखते म्हणून कोपरा राहतो, असं शेजारी चिडवत. तो नुसता हसे.

त्या वसंतात परतलो, तर पाण्यावर नुसते खुंट. लुबर्ट हिवाळ्यात देवाघरी गेला होता. माझी जोडीदारीण खुंटांवरून घिरट्या घालून निघून गेली.

मग होडी आली. लुबर्टची लेक, विखरची बायको आल्चे खुंटांकडे बघतच राहिली. विखर म्हणाला, "अगं, थंडीभर बगळा आपल्या दाराशीच होता. बर्फ वितळायच्या आधी झाडावर काटक्या नेताना पाहिला मी. म्हटलं, त्याला आता कोपरा कशाला?"

"तो राखी. बाबांचा बगळा तेव्हा परदेशी होता," आल्चे हळूच म्हणाली. "मला विचारायचंस तरी."

वैऱ्याने कापलं असतं तर इतकं लागलं नसतं. ज्याच्या शब्दावर मी समुद्र ओलांडला, त्यानेच घर नेलं. त्या वर्षी आमच्यात पिल्लू झालं नाही. मित्रांनो, दोघे सारखे दिसले म्हणून दोघांची गरज एक नसते. शब्द द्याल तेव्हा तो कोणाला दिला, हे नीट पाहा. आणि मग रोजच्या नेमासारखा तो सांभाळा.

आता पानं पिवळी पडली आहेत. देवनळ पुन्हा उंच झाला आहे. मला निघायलाच हवं, आणि पंख उचलत नाहीत.

पलीकडच्या काठावर विखर एकटाच होडीत हद्द आखायच्या खुंट्या आणि खुणेच्या तांबड्या चिंध्या ठेवतो आहे. कोणाला हाक न मारता त्याने दोर सोडला आणि होडी कोपऱ्याकडे रेटली.