श्रावणातला दक्षिण ध्रुव

दक्षिण ध्रुवावर माणूस पोचला त्याला शंभर वर्षं झाली, हे सिंगापुरातल्या आमच्या मंडळाच्या लक्षात आलं तेव्हा एकशेएकावं वर्ष अर्धंअधिक सरलं होतं. २०१२चा श्रावण. गणपतीला अवकाश होता, मधल्या एका शनिवारी काहीतरी सांस्कृतिक हवं होतं, आणि बाबूराव वानखडे फुकट बोलायला तयार होते.

बाबूराव अकोल्याच्या कॉलेजातून निवृत्त झालेले. पत्रे तापलेल्या वर्गात त्यांनी आयुष्यभर ध्रुवप्रदेश शिकवला आणि मुलं आयुष्यभर झोपली. आता यिशुनला मुलाकडे, उज्ज्वलकडे, राहत होते. बर्फात गेलेल्या त्या माणसांचे हाल एकदा कुणीतरी जागेपणी, सबंध ऐकावेत, एवढीच त्यांची इच्छा होती. आपणहून कुणी बोलावण्याची ही पहिलीच वेळ.

मंडळाच्या अध्यक्षा शुभदाताई आणि खजिनदार प्रबोध हे नवरा-बायको. त्यामुळे मंडळात लोकशाही होती, पण घरगुती. आठवडाभर आधी नोव्हेनाला त्यांच्या कॉन्डोतल्या फ्लॅटवर बैठक झाली. मीही समितीत होतो. निवृत्त माणसाला कामाचं निमित्त सांगता येत नाही.

बाबूरावांनी काय काय सांगणार ते थोडक्यात सांगितलं. शुभदाताईंचा चेहरा हळूहळू आंबट होत गेला.

"काका, विषय छानच आहे," त्या म्हणाल्या. गेल्या साली पत्रिका बघणारे गृहस्थ आले होते, त्यांना मात्र सगळे 'सर' म्हणत होते. "फक्त ते खाण्यापिण्याचं तेवढं काढा."

"काय काढू?"

"सील, पेंग्विन, घोडे. आणि ते कुत्र्यांचं तर नकोच. श्रावण आहे. लोक उपास करून येणार, नंतर साबुदाणा वडे आहेत."

"ताई, ते लोक तेच खाऊन जगले."

"पण बिस्किटं होती ना त्यांच्याकडे? बिस्किटांवर भर द्या."

"आणि कोको," प्रबोध म्हणाले. "कोको होता. मी वाचलंय."

"हाल सांगा, थंडी सांगा, भूक तर जरूर सांगा," शुभदाताई म्हणाल्या. "आपल्या लोकांना भूक आवडते. खाणं नको. तुमच्याकडे चालत असेल काका, पण आमच्या सभासदांना..."

खोलीतला एसी एकदम जाणवायला लागला. उज्ज्वल खाली मान घालून फोनमध्ये काहीतरी शोधू लागला.

"आमच्याकडे कुत्री चालतात, असं तुम्हाला कोणी सांगितलं?" बाबूरावांनी अगदी सौम्यपणे विचारलं.

"अहो, तसं नाही म्हणायचं मला!"

"मग कसं?"

शुभदाताई उठून उभ्या राहिल्या. "हे बघा, एकदाच सांगते. मांसाचा एक शब्द जरी आला तरी मी माईक बंद करीन. जमत नसेल तर भजन ठेवू. तबलेवाला तयारच आहे."

खाली उतरताना उज्ज्वल म्हणाला, "बाबा, जाऊ द्या ना. नाही म्हणून सांगा त्यांना. मला इथं राहायचंय, ह्या लोकांत."

"नाही कशाला म्हणू? समितीचं म्हणणं मी तंतोतंत पाळणार आहे."

बाबूराव असं बोलले की अकोल्यातले प्राचार्य रजेवर जात, हे मला नंतर कळलं.

मधल्या मंगळवारी ते गुडघा दाखवायला पुन्हा नोव्हेनाला आले. तिथल्या हॉकर सेंटरमध्ये, स्वस्त खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, प्रबोध एकटेच बसून बदक-भात खात होते. प्रबोध श्रावण पाळतात, घरी पाळतात. दोघांची नजरानजर झाली. बाबूरावांनी नमस्कार केला. प्रबोधना हातातल्या काट्यामुळे तो नीट परत करता आला नाही.

शनिवारी कॉन्डोच्या फंक्शन रूममध्ये साठेक माणसं जमली. एसी असा लावलेला की बायकांनी शाली पांघरल्या होत्या. शुभदाताई माईकच्या बटणापासून हातभर अंतरावर बसल्या.

बाबूराव उभे राहिले. बेल्जियमचं एक जहाज बर्फात अडकलं, तिथून सुरुवात. महिनोन् महिने सूर्य नाही. माणसांच्या हिरड्या सुजल्या, पाय काळेनिळे पडले, एकजण भ्रमिष्ट झाला. साठ माणसं टक्क जागी. अकोल्यात असं कधी झालं नव्हतं.

"मग त्यांनी बिस्किटं खाल्ली," बाबूराव म्हणाले. "आणि सगळे वारले."

दुसरं जहाज बर्फानं चिरडलं. माणसं तरंगत्या बर्फावर तंबू ठोकून राहिली. खाली समुद्र, वर वादळ, ओल्या झोपण्याच्या पिशव्या. "बिस्किटं संपली. थोडा कोको होता. तो घेतला आणि सगळे वारले."

मागच्या रांगेतली अनघा शेजारणीला म्हणाली, "अगं, सगळेच कसे मरतायत?"

इंग्रजांचा कप्तान स्कॉट ध्रुवावर पोचला, तर तिथे आधीच दुसऱ्याचा झेंडा. परतीच्या वाटेवर तो आणि त्याचे सोबती वारले. यावर कुणाची हरकत नव्हती, कारण हे खरंच होतं.

"आणि ज्यानं तो झेंडा लावला, तो नॉर्वेचा अमुंडसेन," बाबूराव म्हणाले, "तोही बिस्किटं खात खात परत निघाला आणि वारला. धन्यवाद."

ते खाली बसले. टाळी वाजली नाही.

"अंकल, एव्हरीवन ऑल्सो डाय? कॅनॉट बी, लाह!" पुढच्या रांगेतली एक मुलगी सिंगापुरी इंग्रजीत ओरडली.

प्रबोध फोन हातात घेऊन उठले. त्यांना चूक सापडली होती, आणि चूक सापडली की त्यांना राहवत नाही. "काका, चुकतंय तुमचं! अमुंडसेन सुखरूप परत आलाय. इथे स्पष्ट दिलंय."

"असं? कसा आला?"

"तो... त्यानं वाटेत..." प्रबोध वाचता वाचता थांबले. "म्हणजे व्यवस्थित नियोजन होतं त्याचं."

"कसलं नियोजन? मोठ्यानं वाचा की."

प्रबोधनी फोन बायकोच्या हातात दिला.

"हे तुम्ही मुद्दाम करताय," शुभदाताई दात आवळून म्हणाल्या. त्यांच्या समोरचा माईक चालूच होता, त्यामुळे ते साठजणांनी ऐकलं.

"ताई, मी तुमचं ऐकलं. तुमच्या जेवणावर एकही माणूस परत येत नाही, त्याला मी काय करू?"

"शुभदा, अगं सांग ना कसा जगला ते!" अनघा म्हणाली. तिच्या मागून आणखी चौघी म्हणाल्या. कुणीतरी खुर्ची वाजवली. "सांगा, सांगा" सुरू झालं.

"कुत्री खाल्ली!" शुभदाताई माईकमध्ये ओरडल्या. "स्वतःची, गाडीला जुंपलेली कुत्री मारली आणि खाल्ली! झालं समाधान? करा काय करायचं ते, सर!"

आवाज फंक्शन रूमच्या काचा ओलांडून स्विमिंग पूलपर्यंत गेला. पोहणारा एक चिनी गृहस्थ काठाशी येऊन थांबला.

"थँक यू," म्हणत बाबूराव उठले. "अध्यक्षांनी परवानगी दिलीच आहे, तर आता सुरुवातीपासून सांगतो."

आणि त्यांनी एकेका मेलेल्याला उठवलं. पहिल्या जहाजावरच्या आजाऱ्यांना डॉक्टरनं पेंग्विन आणि सील खायला लावलं, ते उठून बसले. दुसऱ्या जहाजावरच्यांनी सील खाल्ले, पेंग्विन खाल्ले, शेवटी कुत्रीही खाल्ली. त्यातला एकही दगावला नाही. ज्या कुत्र्यांना नावं ठेवली, हातानं भरवलं, त्यांच्यावर गोळी झाडताना माणसं तंबूत कशी तोंड फिरवून बसली, तेही त्यांनी सांगितलं. तेव्हा अनघा रडली. स्कॉट तेवढा जिवंत झाला नाही. समितीच्या नियमात बसणारा तो एकटाच निघाला.

वडे गार झाले. शुभदाताईंनी आभार मानले नाहीत. माईक बंद केला आणि टेबल आवरायला घेतलं. उज्ज्वल दारापाशी छत्री घेऊन, बाहेर पाऊस नसताना, उभा होता.

"काही शंका?" बाबूरावांनी माईकशिवाय विचारलं.

सकाळपासून उपाशी असलेल्या प्रबोधनी न राहवून विचारलं, "पेंग्विन लागतो तरी कसा?"

"त्या डॉक्टरनं लिहून ठेवलंय. काहीसा बदकासारखा," बाबूराव म्हणाले. "तुम्हाला मंगळवारवरून अंदाज येईल."

शुभदाताईंच्या हातातलं वड्यांचं ताट टेबलावर टेकलं. "मंगळवारी काय झालं?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

बाबूराव छत्रीखाली गेले.