साडेतीन फुटांतली वांगी

टेपच्या टोकावर विटेचा तुकडा ठेवून भगवंतराव उठले, परसबागेच्या कुपाकडे, म्हणजे काटेरी कुंपणाकडे, चार पावलं गेले आणि वीट कलंडली. टेप सर्रकन डबीत जाऊन बसली. हे तिसऱ्यांदा झालं. दुसरं टोक धरायला माणूस हवा होता. माणूस घरातच होता, पण नेमकं तिलाच एवढ्यात कळू द्यायचं नव्हतं.

चौथ्या खेपेला त्यांनी टोकावर पाण्यानं भरलेली बादली ठेवली. भिंतीपासून बाभळीच्या कुपापर्यंत साडेचौदा फूट भरले. लेआउटच्या नकाशात अकरा होते. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि वाकून पाहिलं. आकडा काही कमी झाला नाही.

"काय मोजून राह्यले?" मागून बायकोचा, रुख्मिणीबाईंचा आवाज आला.

"काई नाई. टेप चालते का पाहून राह्यलो."

"टेप तं चालते. मंग तुमचं तोंड काऊन उतरलं?"

भगवंतराव बत्तीस वर्षं मोजणी खात्यात होते. नांदुरा, मोताळा, मलकापूर, तिन्ही तालुक्यांतल्या शेतांच्या धुऱ्यांवर, बांधांवर त्यांच्या चपला झिजल्या होत्या. सख्खे भाऊ कुऱ्हाडी घेऊन समोरासमोर उभे आहेत आणि मध्ये हा काटकुळा माणूस साखळी टाकत चालला आहे, असे प्रसंग त्यांनी किती पाहिले त्याला गणती नाही. चहा पाजला तरी प्यायचे आणि शिव्या दिल्या तरी ऐकून घ्यायचे, पण दगड जिथं यायचा तिथंच यायचा. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी वडनेर भोलजीत त्यांना अजून 'मोजणीवाले साहेब' म्हणत. धुरा कोरणाऱ्या शेतकऱ्याला ते नेहमी एकच गोष्ट सुनावत, की बाबा, पीक तुझं असेल, जमीन नकाशाची आहे. आणि आता त्यांच्याच घरच्या कुपानं शेजारच्या प्लॉटात साडेतीन फूट पाय पसरले होते.

हे कोणी मुद्दाम केलेलं नव्हतं. चौदा वर्षांपूर्वी घर बांधलं, तेव्हा उगवतीच्या बाजूला अकरा फुटांची पट्टी सुटली आणि रुख्मिणीबाईंनी तिथं परसबाग धरली. कूप बाभळीच्या काट्यांचं. दरवर्षी पावसाळ्याआधी ते नवं करावं लागे. जुन्या कुपात मागच्या साली चढलेल्या दोडक्या-कारल्यांचे वाळके वेल असे गुंतलेले असत, की ते ओढून काढायचं म्हणजे हात सोलून घ्यायचे. म्हणून भगवंतराव नव्या काट्या जुन्या कुपाला बाहेरून चिकटवून लावत. जुनं आतल्या आत कुजे, वाळवी खाई, त्याची माती होई आणि त्या मातीत दिवाळीपर्यंत रुख्मिणीबाईंचं खुरपं पोचलेलं असे. वर्षाला फार तर चार बोटं. चार बोटांना कोण कूप सरकलं म्हणतो?

पण माती झाली होती सोन्यासारखी. पावसाळ्यात गवार, भेंडी, चवळी, आणि कुपावर दोडके लोंबत असत. थंडी पडली की मेथी, मुळे, वालाच्या शेंगा आणि सांबार. पुण्याकडची माणसं ज्याला कोथिंबीर म्हणतात तो सांबार, आणि त्याचा वास असा की नुसत्या वरणालाही जेवणारा मान वर करून पाही. उन्हाळ्यात बोअर आटत आली की आंघोळीचं पाणी चरानं बागेत जाई आणि तेवढ्यावर आंबट चुका आणि पालक तग धरत. आणि सगळ्यांत वरचढ वांगी. कुपालगतच्या ओळीतली हिरवी, हातभर लांब, कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजली की लोण्यासारखी मऊ होणारी. रुख्मिणीबाईंना ही ओळ घरातल्या माणसासारखी होती. रोज सकाळी चहाच्याही आधी त्या तिथं जाऊन प्रत्येक झाडाची पानं उलटून पाहत. दुपारी गुडघे दुखतात म्हणून स्वयंपाकघरात खुर्ची घेणारी ही बाई वांग्यांत मात्र तासन्‌तास उकिडवी बसे.

शेजारचा प्लॉट गजेंद्रचा. तो धामणगाव बढ्याला शिक्षक होता. गेली दहा वर्षं महिन्या-दोन महिन्यांनी बायकोला, पुष्पांजलीला घेऊन तो मोटारसायकलवर यायचा, गाजरगवतात उभं राहून आपली जागा डोळे भरून पाहायचा आणि जायचा. जाताना रुख्मिणीबाई न चुकता पिशवीभर भाजी देत. पुष्पांजली संकोचून म्हणे की काकू, दर वेळी कशाला? भगवंतरावांना ते आठवलं आणि कानांच्या पाळ्या तापल्या. दहा वर्षं ते त्या पोरांना त्यांच्याच जागेतली वांगी देत होते आणि वर त्यांचे आभारही घेत होते.

शुक्रवारी गजेंद्रचा फोन आला, त्यामुळंच हे मोजायची बुद्धी झाली. रविवारी भूमिपूजन होतं. सरकारी मोजणी वगैरे कशाला, काका असताना दुसरा माणूस कोण, लाइन तुम्हीच टाकून द्या, असं तो म्हणाला होता.

शनिवारी दुपारी भगवंतरावांनी बायकोला सगळं सांगितलं. रुख्मिणीबाई मेथी निवडत होत्या. त्यांनी आधी ऐकूनच घेतलं नाही, मग टेप खोटी ठरवली, मग नकाशा. शेवटी निवडलेली आणि टाकायची मेथी एकाच टोपल्यात पडायला लागली, तेव्हा त्यांनी हात थांबवला.

"कोनाले मालूम हाय?" त्या म्हणाल्या.

"मले."

"आनखी?"

आणखी खरोखरच कोणाला माहीत नव्हतं. हद्दीचा समोरचा दगड रस्ता झाला तेव्हा मुरमाखाली गेला होता आणि मागचा वांग्यांच्या मुळाशी. गजेंद्रच्या प्लॉटाच्या पलीकडे लेआउटची मोकळी जागा होती. त्याचं घर साडेतीन फूट तिकडे सरकवलं, तर त्याचं काही कमी होत नव्हतं आणि तिथं भांडायला कोणी बसलेलं नव्हतं. रुख्मिणीबाईंनी हे सगळं एका दमात मांडलं. मांडणी बिनतोड होती. इतकी बिनतोड मांडणी भगवंतरावांनी बत्तीस वर्षांत शंभर धुऱ्यांवर ऐकली होती, आणि दर वेळी साखळी गोळा करता करता मनात हसले होते. आज हसू आलं नाही. उलट, क्षणभर त्यांना ते पटलं, आणि पटलं याचीच त्यांना लाज वाटली.

"तुयी ओळ जाते, मले दिसते ते," ते हळूच म्हणाले. "पन उद्या त्या पोरानं मले इचारलं, काका कुठून धरू, तं म्या काय सांगू?"

रुख्मिणीबाईंनी टोपलं पुन्हा पुढे ओढलं आणि मिसळलेली मेथी वेगळी करायला घेतली. त्या दिवशी संध्याकाळी वांग्यांना पाणी मात्र त्यांनी रोजच्यापेक्षा जास्त घातलं.

रविवारी सकाळी पूजा आटोपली. नारळ फुटला, पेढे वाटून झाले. पुष्पांजली नवी साडी नेसून आली होती आणि उभ्या उभ्याच हातवारे करून स्वयंपाकघर कुठं, देवघर कुठं हे ठरवत होती. निवृत्ती मिस्त्रीनं खुंटी घेतली आणि थेट कुपाशी जाऊन टेकवली.

"इथूनच धरू ना सायब?"

हो म्हटलं असतं तर तिथंच संपलं असतं. गजेंद्रचं लक्षही नव्हतं, तो पेढ्याचं खोकं बांधत होता. भगवंतरावांनी कुपापलीकडच्या वांग्यांकडे पाहिलं, वांग्यांमागे दारात उभ्या असलेल्या बायकोकडे पाहिलं, आणि म्हणाले, "नाई. कूप खोटं हाय."

मग त्यांनी पहार घेतली. भिंतीपासून अकरा फूट मोजून, वांग्यांची मुळं शक्य तेवढी सांभाळत ते खणायला लागले. निवृत्ती पहार मागत होता, पण ती त्यांनी दिली नाही. हातभर खाली पहार खणखणली. माती सारली तशी दगडाचं चौकोनी डोकं वर आलं. सगळे जमले होते. भगवंतरावांनी धाप जिरू दिली आणि एकदाचं बोलून टाकलं.

"गजेंद्र, साडेतीन फूट तुयी जागा हाय आमच्याकडं. चौदा वर्सांत कूप सरकत गेलं. माह्याच हातानं."

गजेंद्र गडबडला. साडेतीन फुटांनी काय होतं, काका, राहू द्या, आम्ही पलीकडे सरकू, असं तो म्हणायला लागला. तेव्हा भगवंतरावांचा जुना, धुऱ्यावरचा आवाज निघाला आणि त्यांनी त्याला सांगितलं की उद्या तुला बँकेत नकाशा द्यायचा आहे, घर नकाशावर उभं राहतं, काकाच्या भिडेवर नाही.

समोर रस्त्याच्या बाजूलाही अकरा फुटांवर खुंटी ठोकून झाली. आता दोरी ताणायची होती. एक टोक दगडाशी भगवंतरावांनी धरलं. दुसरं घेऊन निवृत्ती निघाला तो थेट मेथीच्या वाफ्यातून. रुख्मिणीबाई दारातून तरातरा आल्या आणि त्यांनी दोरी त्याच्या हातातून काढून घेतली. वाफ्याच्या कडेकडेनं, एक पानही न मोडता त्या समोरच्या खुंटीपर्यंत गेल्या आणि टोक टेकवून बसल्या.

"ढिली हाय," त्या तिथूनच म्हणाल्या. "ताना."

भगवंतरावांनी दोरी ताणली. निवृत्तीनं मुठीनं फक्की सोडत पांढरी रेघ ओढली. वांग्यांची कुपालगतची ओळ अख्खीच्या अख्खी पलीकडे गेली. घराकडच्या ओळीतली झाडं अजून वीतभरच होती. घराचा पायवा संक्रांत झाल्यावर खणायचा ठरला. भगवंतरावांच्या छातीवरचं ओझं उतरलं होतं. बरं वाटत होतं, आणि तेवढंच वाईटही वाटत होतं. बायकोच्या तोंडाकडे पाहायचा धीर मात्र होत नव्हता.

पाहुणे जेवायला थांबणार होते आणि भरताचा बेत सकाळीच ठरला होता. रुख्मिणीबाई टोपली घेऊन बागेत आल्या. दहा वर्षं पिशव्या भरून देणाऱ्या त्या रेघेशी आल्या आणि थांबल्या. सवयीनं हात पुढे गेलाच होता, तो त्यांनी मागे घेतला. पलीकडे पुष्पांजली आपलं अजून नसलेलं अंगण पायांनी मोजत होती.

"पुष्पांजली," त्यांनी हाक मारली. "चार वांगे तोडू का व?"

पुष्पांजली हसायला गेली, पण काकूंच्या चेहऱ्याकडे पाहून थांबली. तिनं पदर नीट केला आणि घरच्या बाईसारखं म्हणाली, "तोडा ना काकू. चांगले पाहून तोडा."

भगवंतराव पायरीवर बसून दोरी गुंडाळत होते. त्यांनी आखलेल्या रेघा लोकांनी नेहमी त्यांची पाठ वळायच्या आत पायांनी पुसल्या होत्या. रुख्मिणीबाईंनी टोपली काखेत घेतली, दोन्ही हातांनी लुगड्याचा घोळ वर धरला आणि फक्की विस्कटू नये म्हणून खाली पाहत, जपून, दुखरा पाय आधी पलीकडे टाकला.