झाडांचा लेअर

चूक तिचीच होती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे कोणाला अध्यक्षांना शिव्या घालाव्याशा वाटल्या तर बेतानं घालता येतील.

ती आर्किटेक्ट. शाळा जुनी, गळकी, पाडून नवी बांधायची होती. सगळे आधी खोल्या मोजतात, हिनं आधी झाड मोजलं. आवारात मधोमध म्हातारी तुती होती. तिच्याभोवती उघडं अंगण, अंगणाभोवती वर्ग, आणि खिडक्यांचे कट्टे गुडघ्याएवढे, म्हणजे पहिलीतलं पोरसुद्धा बसल्या जागेवरून खोड बघेल. ह्याच शाळेत तिची आत्या कित्येक वर्षं विज्ञान शिकवते. बुटांच्या खोक्यात रेशमाचे किडे पाळते, तुतीखाली पोरांना बसवून किड्यांना पानं भरवायला लावते. भाचीसुद्धा जांभळी जीभ घेऊन त्याच सावलीत मोठी झालेली. तिला दुसरं काय सुचणार?

शाळा-समितीच्या बैठकीत अध्यक्षांनी नकाशावर पेन आपटलं. "मॅडम, हे हिरवे गोळे काय घातलेत सगळीकडे? खोल्या दिसेनात."

"झाडं आहेत ती."

"असू देत. ती काय, शेवटी लावता येतात."

"साहेब, झाडं म्हणजे वरून भुरभुरवायची कोथिंबीर नव्हे."

बाकीचे हसले. अध्यक्ष नाही हसले. "मला खोल्या दाखवा. आत्ता. मला निघायचंय."

कॉम्प्युटरवर नकाशा थराथरानं असतो. त्या थराला लेअर म्हणतात. भिंती एका लेअरमध्ये, नळ दुसऱ्यात, झाडं तिसऱ्यात. एक टिचकी मारली की अख्खा लेअर गुल. ती वैतागली होती, दीड तास अध्यक्षांनी खिडक्यांवरून डोकं खाल्लेलं. ("पोरं बाहेर बघत बसतील!" "बसू देत की!") तिनं टिचकी मारली. झाडं गेली, खोल्या लख्ख दिसल्या. अध्यक्ष खूश. तिथल्या तिथे छापून सह्या, शिक्का. तिनंही सही ठोकली.

लेअर परत चालू करायचा राहिला.

ह्या धंद्यात ठेकेदार शिक्क्याची प्रत सोडून कशाकडे बघत नाही. तीन आठवड्यांनी ती कामावर गेली तेव्हा तुतीच्या जागी ढोपराएवढा बुंधा होता आणि भुशाचा ढीग.

"झाड कोणी तोडलं?" तिचा आवाज इतका चढला की विटा वाहणारे थांबले.

ठेकेदारानं शांतपणे कागद उलगडला. "दाखवा मॅडम, ह्यात झाड कुठाय? नुसतं मोकळं अंगण आहे. खाली सही कुणाची?"

सही तिची होती.

आत्या बुंध्याजवळच उभी होती, हातात ते खोकं. बांधकाम होईपर्यंत मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये वर्ग भरायचे, तिथून आली होती. "बघ," तिनं झाकण उघडलं. पांढरे किडे रिकाम्या खोक्यात माना उचलून हलत होते. "कालपासून उपाशी आहेत. पोरं विचारतात, बाई, पान कुठून आणायचं? काय सांगू? माझ्या भाचीनं झाड पुसलं म्हणून सांगू?"

"आत्या, अगं लेअर..."

"तुझा लेअर घाल चुलीत."

दोन दिवसांनी पुन्हा बैठक. अध्यक्षांचा चेहरा खुललेला. "झालं ते झालं. आता झाडच नाही, तर अंगण कशाला? पोरांना उन्हात भाजायचंय का? वर स्लॅब टाका. चार खोल्या निघतील. सुधारित नकाशा द्या उद्यापर्यंत."

म्हणजे झाड गेलं ते गेलं, आता आभाळही जाणार. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"देणार नाही."

"मॅडम, चूक तुमची आहे."

"माझीच आहे. लिहून देते, हवं तर शाळेच्या फाटकावर लावा. पण मंजूर नकाशा बदलायला माझी सही लागते, आणि ती मी करणार नाही. दुसरा आर्किटेक्ट आणा, नव्यानं मंजुरी काढा. वर्ष जाईल. तोवर पोरं पत्र्याखाली भाजतील, आणि त्यांच्या आईबापांना तुम्ही उत्तर द्या."

"ही दमदाटी झाली."

"हो. झाली."

अध्यक्षांनी नकाशा स्वतःकडे ओढला. मग म्हणाले, "अंगण ठेवा. पण खिडक्या वर घ्यायच्या. पोरांच्या डोक्याच्या वर."

ती भांडली. हातापाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. पहिली-दुसरीचे दोनच वर्ग वाचले. बाकी सगळ्या खिडक्या वर गेल्या, तुरुंगासारख्या. हे असलं जिंकणं! घरी येऊन तिनं चप्पल भिरकावली आणि नवऱ्यानं पाण्याचा पेला पुढे केला तर त्याच्यावरच खेकसली.

सकाळी आत्या दारात. बादलीत तुतीच्या हातभर काड्या, बोटाएवढ्या जाड. "तोडलेल्या फांद्यांतनं उचलल्यात. तुती काडीवरसुद्धा फुटते, शिकवलं होतं तुला. विसरलीस." राग उतरला नव्हता. किड्यांसाठी ती दोन स्टॉप पलीकडून पानं आणत होती, आणि तेही ऐकवून झालं.

दोघींनी शाळेत जाऊन बुंध्याशेजारी तीन काड्या रोवल्या. मग तिनं तिथेच शेडमध्ये बसून लॅपटॉपवर नकाशा उघडला, अंगणाच्या मधोमध झाड काढलं आणि ठेकेदाराला फाईल पाठवली. अर्ध्या तासात फोन.

"मॅडम, गडबड झालीय. झाड चुकून भिंतींच्या लेअरमध्ये पडलंय."

"चुकून नाही."

"अहो, पण मग ते बंद कसं करायचं?"

"अख्खी शाळा बंद करून," ती म्हणाली. "आणि त्या काड्यांना आजच कुंपण घाला. तुमच्या माणसांनी त्यातल्या एकीवर आत्ताच सिमेंटचं पोतं टेकवलंय, मला इथून दिसतंय."