पेडलवरचा पाय

जुना पियानो विकून डिजिटल घ्यायचा हा उद्योग माझ्या नवऱ्याचा. खालच्या मजल्यावरच्या बाई आवाजावरून रोज जिना चढून भांडायला यायच्या, आणि भांडण म्हटलं की याला घाम फुटतो. "आवाज कमी करता येतो, हेडफोन लावता येतो," म्हणाला. म्हटलं, आण बाबा, एकदाचा आण. शिकवण्या माझ्या, पियानो माझा आणि निर्णय याचे!

पेडल वेगळ्या खोक्यात आलं होतं. चकचकीत पोलादी पट्टी आणि तिला काळी वायर. पियानोच्या मागे भोक शोधून वायर खुपसली, स्टुलावर बसले, बटण दाबलं आणि रोजचं वाजवायला घेतलं. मी पहिल्यापासून अनवाणीच वाजवते. पेडल पायाला कळायला हवं, असं मुलांनाही सांगते.

सगळा चिखल झाला. सूर एकमेकांत मिसळून नुसता गलका. पेडल दाबलं की सूर लांबायला हवा, सोडलं की तुटायला हवा. इथे दाबलं की तुटत होता आणि सोडलं की लांबत होता.

दुसऱ्या कुणालाही आधी वायर आठवली असती. मला आधी आई आठवली.

आईचं असंच सुरू झालं होतं, उजव्याच पायापासून. रस्त्यात चप्पल निसटायची आणि हिला पत्ताच नाही, ही आपली तशीच पुढे. लोक हाका मारून चप्पल आणून द्यायचे आणि आम्ही दोघी बहिणी खो खो हसायचो. मग ती सांगेल त्याच्या उलट पाय वागायला लागला, मग ऐकेनासाच झाला. शेवटी ती अंथरुणातून उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले होते, हे मुलांमध्ये येऊ शकतं, पण येईलच असं नाही. ते 'येईलच असं नाही' उशाशी घेऊन मी आजवर झोपत आले.

नवऱ्याला ताकास तूर लागू दिली नाही. शिकवण्या सर्दीच्या नावाखाली बंद ठेवल्या. तो कामावर गेला की पियानो चालू करायचा, वाजवायचं आणि वाकून वाकून पाय बघायचा. आत्ता मी दाबतेय की सोडतेय? मला वाटतंय दाबतेय, पण खरंच दाबतेय ना? रोज तेच, रोज उलटं. जेवण जाईना. एकदा नवऱ्याने नुसतं विचारलं, "मी बघू का जरा वाजवून?" तर मी अशी खेकसले की बिचारा हातातला चहा तसाच ठेवून बाहेर सटकला. त्याने वाजवलं आणि नीट वाजलं, तर मी काय करणार होते?

शेवटी ताईला बोलावलं. आईचं सगळं तिनेच केलं होतं, अगदी शेवटपर्यंत. दारातच माझं तोंड बघून म्हणाली, "काय गं, मेलं का कुणी?"

सांगता सांगता मी रडायलाच लागले. ताईने पर्स सोफ्यावर फेकली आणि तडक स्टुलावर जाऊन बसली. पियानो सकाळपासून चालूच होता. लहानपणी शिकलेली दोन बोटांची धून तिने वाजवली. पेडल दाबलं, सूर तुटला. सोडलं, लांबला.

"अगं बये! माझाही पाय गेला की!"

माझा जीव भांड्यात पडला. मी ताईच्या गळ्यातच पडले आणि दोघी वेड्यासारख्या हसत सुटलो. मग तिनेच दुकानात फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"चालू करताना पेडलवर पाय होता का?" दुकानदाराने विचारलं. "पियानो चालू होताना पेडल जसं असेल, तेच त्याला मोकळं पेडल वाटतं. पाय ठेवून चालू केलं की सगळं उलटं. बंद करा, पाय काढा आणि परत चालू करा."

ताईने पाय वर घेऊन स्टुलावरच मांडी ठोकली. पियानो बंद केला, चालू केला. सगळं सुतासारखं सरळ.

"झालं! म्हणे पाय गेला. अक्कल गेलीय तुझी. पाय ठेवून कोण चालू करतं?"

"मी नाही ठेवत हं," मी फणकारले. "आधी बटण, मग पेडल. तोवर दोन्ही पाय स्टुलाखाली असतात माझे."

"असतात म्हणे! दाखव बघू."

मी बसले, रोज बसते तशीच. पाय मागे घेतले, पियानो बंद करून पुन्हा चालू केला आणि ताईकडे बघून हसले. ताई खाली बघत होती.

"पाय कुठेय तुझा?"

"स्टुलाखाली."

"बघ."

मी वाकले. डावा स्टुलाखाली होता. उजवा पेडलवर होता आणि पेडल पार खाली दाबलेलं होतं.

"सवय गं," ताई घाईघाईने म्हणाली. "जुन्या पियानोवर इतकी वर्षं काढलीस. पाय आपोआप जातो. सवयच ती, दुसरं काय!" पण बोलता बोलता ती फरशीवर बसली आणि तिने माझा घोटा दोन्ही हातांत धरला. आईचा धरायची तसाच.

मलाही सवयच म्हणायचं होतं. देवाशप्पथ म्हणायचं होतं. पण थंडीचे दिवस होते. मी उजवा पाय बाजूला घेऊन डावा पेडलवर ठेवला आणि चटकन उचलला, इतकं ते गार होतं.

मग उजवा पुन्हा ठेवला. दाबून धरला. काहीच लागलं नाही.

"गार लागतंय ना?" ताई खालून विचारत होती. "लागतंय ना गं?"

मी हो म्हणाले.